ऑक्टोबर–डिसेंबर २०२३चा अंक

नाशिक रोड
७ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

सलाम आणि नमस्कार.

आपल्या 'धांडोळा' त्रैमासिकाच्या मागच्या अंकाचा खर्च तुम्ही कधी विचारला नाहीत, मी कधी सांगितला नाही. आज सांगतो. कागद आणि कव्हर सतरा हजार तीनशे. प्लेटा आणि छपाई साडेबारा हजार. बांधणी बेचाळीसशे. टायपिंग आणि पानं लावणं नऊ हजार सहाशे. पोस्ट आठ हजार दोनशे. एकूण एक्कावन्न हजार आठशे, प्रती साडेतीनशे. म्हणजे एक अंक एकशे अठ्ठेचाळीस रुपयांना पडला आणि त्यावर आपण छापलं, किंमत साठ रुपये. यात तुमचे डोळे धरलेले नाहीत. दिंडोरीच्या द्राक्षपेट्यांची लेबलं मी चार दिवस मागं ढकलली आणि त्या शेटजीच्या शिव्या खाल्ल्या, त्याही धरलेल्या नाहीत.

पैसे मागत नाहीये. सरकारी मंडळाचं अनुदान आलं की द्या, तोवर द्राक्षं आहेत. पण परवा अश्विन नावाचा एक माणूस प्रेसवर येऊन गेला, म्हणून हे आकडे काढून बसलो. गुडगावच्या कुठल्याशा कंपनीचा आहे. म्हणाला, "काका, लेख आमच्याकडे ढिगानं आहेत. तुमच्याकडे नाव आहे. नाव आम्हाला द्या, अंक आम्ही इंटरनेटवर काढू. संपादक तुमचेच राहतील. लेखक पंचेचाळीसशे भरणार, चार दिवसांत लेख छापून."

मी म्हटलं, "लेख तपासणार कोण?"

"सिस्टीम."

"ती बसते कुठं?"

हसला बिचारा. चहा पिऊन कार्ड ठेवून गेला. वाईट माणूस नाही, पाय दुखत होते त्याचे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अदिबा मोमीन प्रेसवर आली होती. मालेगावची, विणकराच्या घरातली, इथं कॉलेजात सात वर्षं तासाच्या मानधनावर शिकवते. साडीच्या काठांच्या जुन्या नमुना-वह्यांवरचा तिचा लेख तुम्ही ऑगस्टमध्ये मंजूर केलात. आता तिच्याच कॉलेजात कायमची एक जागा निघाली आहे. एप्रिलच्या सुरुवातीला मुलाखत. मंजुरीचं पत्र चालत नाही, छापलेला अंक हातात लागतो. वयाची अट बघता हा तिचा शेवटचा डाव. तेवढा अंक लवकर सोडा.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे नेहमीसारखं प्रुफांच्या पाकिटातच घालतो आहे. ओवीताईंना आणि सांगलीच्या हवेला सलाम.

तुमचा
जमील तांबोळी


सांगली
१५ जानेवारी २०२५

प्रिय जमील,

अनेक आशीर्वाद.

पाकीट मिळालं. प्रुफं वाचतो आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन लेकीनं, ओवीनं, मार्चवर ढकललं, त्यामुळे दिवसाला आठ पानांपुढे जात नाही. रागावू नकोस.

तुझा हिशेब वाचून वाईट वाटलं, आश्चर्य नाही वाटलं. पहिला अंक निघाला तेव्हा तू पंधरा वर्षांचा होतास आणि खिळे जुळवताना 'संशोधन'मधला अनुस्वार खाल्ला होतास. आज प्रेस तुझी आहे आणि अंक माझ्या गळ्यात. कोण पुढे गेलं ते दिसतंच आहे.

त्या अश्विनला मात्र पुन्हा चहा पाजू नकोस. लेखकाकडून पैसे घेऊन लेख छापायचा, म्हणजे परीक्षकानं विद्यार्थ्याच्या घरी जेवून पेपर तपासायचा. शासनाचं अनुदान उशिरा येतं, थोडं येतं, दहा सह्या मागतं. पण लेखात काय असावं हे ते सांगत नाही आणि लेखकाच्या खिशाकडे बघत नाही. एक्केचाळीस वर्षांत 'धांडोळा'नं एकाही लेखकाकडून एक रुपया घेतलेला नाही. माझ्या मृत्युलेखात हे एवढं वाक्य छाप. बाकी काही नसलं तरी चालेल.

अदिबाचा लेख उत्तम आहे. दोन परीक्षकांनी पाहिला, मी दोनदा परत पाठवला, दोन्ही वेळा ती तक्रार न करता पुन्हा मालेगावला गेली. अशी मुलं आता मिळत नाहीत. तिचा लेख याच अंकात आहे. अंक फेब्रुवारीत निघेल. कव्हरवर नेहमीप्रमाणे क्रमानं 'ऑक्टोबर–डिसेंबर २०२३' टाक. त्या सालच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता, साठ हजार, या एका अंकावर अडलेला आहे. अंक वेळेत निघाला नाही म्हणून हप्ता थांबला, आणि हप्ता थांबला म्हणून अंक वेळेत निघाला नाही. यात कोण आधी हे शोधायचं त्राण माझ्यात नाही. मंडळ कव्हरवरची तारीख बघतं. ती बरोबर असली की काम होतं.

बाळाजी गायधनी


नाशिक रोड
२७ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

तुम्ही म्हणता, मंडळ लेखात काय लिहायचं ते सांगत नाही. खरं आहे. तारीख काय लिहायची ते सांगतं.

कव्हर लावून ठेवलं होतं तेवढ्यात अदिबा आली. मशीन चालू होतं, पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत, शब्द न् शब्द ऐकला. तसाच उतरवतो.

"चाचा, हा कुठला अंक?"

"तुझाच."

"यावर तेवीस आहे."

"क्रमानं जावं लागतं बेटा. आपण जरा मागं आहोत."

"जरा?" मग तिनं सत्तेचाळिसावं पान काढलं. "हे बघा. मी त्या म्हाताऱ्या विणकरबाबांशी बोलले ती तारीख. बारा मे दोन हजार चोवीस. तेवीसच्या अंकात चोवीसची मुलाखत कशी आली, असं विचारलं तर?"

"सांगायचं, अंक उशिरा निघाला."

"मुलाखत घेणारे हेच शोधत असतात, चाचा. मागच्या तारखेचे लेख बाजारात पाच हजाराला मिळतात. तारीख बघायची, संदर्भ बघायचे, पकडायचं. माझा बरोबर तसलाच दिसेल." मग म्हणाली, "तीन वर्षं घालवली मी यात. पाच हजारांचा लेख चार दिवसांत आला असता."

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. जाताना तिनंच मला समजावलं, "सरांना सांगू नका, त्यांना त्रास होईल." म्हणून सांगतो आहे.

माझं म्हणणं ऐकाल? कव्हरवर खरी तारीख टाकू. मधले अंक निघाले नाहीत असं सरळ छापू. सगळ्यांची होते तशी आपलीही गाडी उशिरा आहे. वाचणारे साडेतीनशे, त्यातले तीनशे समजून घेतील.

जमील


सांगली
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय जमील,

अंक गाळायचा नाही. एक्केचाळीस वर्षांत गाळलेला नाही. कोविडात गाळला नाही, माझी बायको गेली त्या वर्षीही गाळला नाही. ग्रंथालयात बांधलेले खंड आहेत, त्यात भोक पडता कामा नये. आणि साठ हजार सोडायची आपली ऐपत नाही. तुझी असेल, 'धांडोळा'ची नाही.

अदिबाची अडचण रास्त आहे. ती मी सोडवली आहे. पान ४७ पाहा. '१२ मे २०२४' याच्या जागी हिरव्या शाईनं '१२ मे २०२३' केलं आहे. बाबांनी जे सांगितलं ते सालानं बदलत नाही. तिचा लेख निर्वेध होईल, अंकाचा क्रम राहील आणि मंडळाचं समाधान होईल. तिघांचं एका आकड्यात भागत असेल तर भागू दे.

दोन दिवस विचार करून लिहितो आहे, तेव्हा उलट पत्र नको. पानं छपाईला सोड.

बा. गा.


नाशिक रोड
१९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

अंक छापून झाला. पंधरा प्रती तुम्हाला, सहा मंडळाला, पाच अदिबाला, बाकी पोस्टात.

पान ४७ वरची तुमची दुरुस्ती मी घेतली नाही.

रागवा, पण कारण ऐका. तुम्ही फक्त साल बदललंत. खालच्याच परिच्छेदात बाबा म्हणतात, "गेल्या दिवाळीत, तेवीस साली, माझा शेवटचा माग भंगारात गेला." मे तेवीसमधे बसून म्हातारा येणाऱ्या दिवाळीत विकायचा माग आधीच विकून मोकळा झाला असता. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं असतं तर तुम्हीच मला फटकारलं असतंत. आणि डोळे चांगले असते तर तुम्ही असं केलंच नसतंत, असं मी मनाशी धरून चाललो आहे. मी पोरगा असताना एका लेखातला शिलालेखाचा आकडा मला चुकीचा वाटला म्हणून सुधारला होता. तेव्हा तुम्ही सोळा पानांचा सगळा फर्मा पुन्हा छापायला लावला होता. 'लेखकाच्या आकड्याला हात लावायचा नाही, आधी त्याला विचारायचं.' अदिबाला मी विचारलं. ती नाही म्हणाली.

कव्हरवर तुमची तारीख ठेवली आहे, ऑक्टोबर–डिसेंबर २०२३. कव्हर तुमचं. पण शेवटच्या पानावर 'हा अंक अमुक ठिकाणी छापला' ही ओळ छापणाऱ्याची असते. तिथं मी 'छपाई: १४ फेब्रुवारी २०२५' घातलं. आता कुणी अदिबाला विचारलं तर ती पान उलटून दाखवू शकेल.

मंडळालाही ते दिसेल. मला माहीत होतं. साठ हजार मी घालवले असं समजा. सुरय्या घरात म्हणाली, "सरांचे पैसे तुम्ही कोण घालवणारे?" मी म्हटलं, पिंपळगावच्या पेट्यांची ऑर्डर आहे. ती म्हणाली, "ते उत्तर नाही." नाहीच आहे.

जमील


सांगली
२४ मार्च २०२५

जमील,

मंडळाचं पत्र आलं. वाक्य असं: 'सदर अंक संबंधित वर्षात प्रत्यक्ष मुद्रित झाला नसल्याचे अंतिम पृष्ठावरून स्पष्ट होत असल्याने उर्वरित हप्ता रद्द करण्यात येत आहे.' पुढच्या वर्षासाठीही अर्ज करू नये असं तोंडी कळवलं आहे.

एक्केचाळीस वर्षांत अंतिम पृष्ठ वाचणारा पहिला माणूस आपल्याला मंडळात भेटला.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. दिसतं. दिसून काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पुढच्या अंकाचं मला विचारू नकोस.

बा. गा.


नाशिक रोड
१० एप्रिल २०२५

आदरणीय सर,

पुढच्या अंकाचं विचारत नाही. अदिबाची मुलाखत ४ तारखेला झाली. ती सरळ प्रेसवर आली, रोजे नुकतेच संपलेले, चेहरा ओढलेला. तिनं सांगितलं तसं लिहितो.

समितीत पाच जण. एकानं अंक उघडून बारीक डोळे करून विचारलं, "मॅडम, तेवीसच्या अंकात चोवीसची मुलाखत?" तिनं शेवटचं पान दाखवलं. त्यानं वाचलं, शेजारच्याला दाखवलं. शेजारचे म्हणाले, "बरं आहे की, खरं तरी लिहिलंय." तो प्रश्न तिथंच संपला. लेखावर पंधरा मिनिटं बोलले. समितीतल्या बाईंना काठांचे नमुने इतके आवडले की म्हणाल्या, माझ्या आईच्या लुगड्याला हाच काठ होता. अदिबा पहिल्या नंबरावर आहे असं तिला शिपायाकडून कळलं, आणि शिपायाला सगळं कळतं.

पण उठताना अध्यक्षांनी विचारलं, "छापायला पैसे भरले का?" ती म्हणाली, "नाही सर." ते म्हणाले, "हल्ली सगळेच नाही म्हणतात. संपादकांचं प्रमाणपत्र आणा, लेखकाकडून रक्कम घेतलेली नाही म्हणून. एकवीस तारखेपर्यंत. नाहीतर लेख सशुल्क धरू, गुण शून्य."

प्रमाणपत्राचा मसुदा सोबत टाईप करून पाठवतो आहे. खाली फक्त तुमची सही.

त्यासोबत अजून एक कागद आहे. अदिबाला घरी गेल्यावर आठवलं, कपाटातून काढला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आणून दिला. म्हणाली, "चाचा, मी तिथं खोटं बोलले का?" तो आधी वाचा, मग सही करा किंवा करू नका. मी काही सांगत नाही.

जमील


सांगली
१५ एप्रिल २०२५

प्रिय जमील,

पावती वाचली. 'अदिबा मोमीन, आजीव सभासद वर्गणी, रुपये तीन हजार, दि. १८ जून २०२४.' खाली आपल्या कार्यालयातल्या मोतीरामची सही. लेख आपल्याकडे नोंदला गेला २७ जूनला.

ओवीला मोतीरामला फोन लावायला सांगितला. तो शांतपणे म्हणाला, "सभासद नसेल तर लेख घेत नाही असंच सांगतो ताई, कार्यालयाचा नियम आहे." कसला नियम? मी तरी असा नियम केल्याचं मला आठवत नाही. कार्यालयात बसून या माणसानं माझ्या नावावर हे केलं. त्याला या महिन्याअखेर निरोप दे. आठवड्यातून तीन दुपारी काम करणारा माणूस आपल्याला दुसरा मिळेल.

तू पाठवलेला मसुदा फाडला. त्याऐवजी हातानं लिहिलं आहे, सोबत आहे. त्यात लिहिलं आहे की, लेखिकेकडून आजीव वर्गणी म्हणून तीन हजार घेतले गेले, ते लेख स्वीकारण्यापूर्वी घेतले गेले. लेख दोन परीक्षकांनी तपासला, दोनदा परत गेला आणि केवळ गुणवत्तेवर स्वीकारला गेला. तिला दे. समितीला द्यायचं की नाही ते तिनं ठरवावं. मी तारखेच्या बाबतीत एकदा तिच्या वतीनं ठरवलं होतं, आता नाही ठरवणार.

ही एका कारकुनाची आगळीक आहे एवढं मात्र तिला समजावून सांग. बाकी मृत्युलेखासाठी मी जानेवारीत लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं उभं आहे.

बाळाजी गायधनी


नाशिक रोड
८ मे २०२५

आदरणीय सर,

अदिबानं तुमचं प्रमाणपत्र जसं होतं तसं दिलं. मी म्हटलं होतं, बेटा, विचार कर. ती म्हणाली, "विचार करून झाला, चाचा. तोंडी एकदा खोटं बोलून झालंय, कागदावर नको."

समितीनं लेख सशुल्क धरला. जागा दुसऱ्या मुलाला गेली. पोरगा हुशार आहे म्हणतात. अदिबाला जूनपासून पुन्हा तासाचं मानधन, तेही दोन तास कमी करून. इथं आली होती, रडली वगैरे नाही. तुमच्या हातचं ते प्रमाणपत्र कॉलेजनं ठेवून घेतलं म्हणून हळहळली. देण्याआधी मी त्याची एक झेरॉक्स काढून ठेवली होती, ती तिला दिली. हळहळीचं कारण विचारलं तर म्हणाली, 'दोनदा परत गेला आणि गुणवत्तेवर स्वीकारला' असं तिच्याबद्दल आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं.

अश्विन पुन्हा आला होता. त्याला चहा दिला, माफ करा. 'धांडोळा'चं काय करता म्हणाला. मी म्हटलं, सरांचा डोळा बरा होऊ दे. तो म्हणाला, "आमचे पंचेचाळीसशे फार वाटत असतील तर कमी करू." मी कप उचलून आत नेले.

मोतीरामला मी निरोप दिलेला नाही. तो 'धांडोळा'च्या ठरावांची वही घेऊन आला होता. दोन हजार अकरा साली अनुदान वर्षभर बंद झालं होतं, त्या मार्चमधला ठराव आहे: यापुढे लेख केवळ सभासदांचे स्वीकारावेत. सूचक, अनुमोदक, आणि अध्यक्ष म्हणून तुमची सही. तुम्हाला आठवत नसेल, चौदा वर्षं झाली. त्यानं फक्त पाळला.

अंक पोस्टात टाकायला सभासदांची यादी माझ्याकडेच असते, पत्ते इथंच चिकटवतो. काल ती घेऊन बसलो आणि या अंकाच्या अनुक्रमणिकेशी आणि लेखांखालच्या नोंदीच्या तारखांशी ताडून पाहिली. अंकात नऊ लेखक आहेत. नऊही जण आजीव सभासद आहेत, आणि नऊही जणांची वर्गणी लेख नोंदला गेला त्याच महिन्यातली आहे.

जमील